पुण्याहून दिसतं

उमापूरच्या हायस्कुलात मुलांनी चाचणीत नक्कल करू नये म्हणून शिवलिंगप्पा गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलले, आणि दुर्दैवाने ते सगळ्यांना पटले.

त्या वर्षांत देश नुकताच खुला झाला होता. गेवराईच्या बाजारात रंगीत टीव्ही हप्त्यावर मिळत होते, उमापुरात एसटीडी बूथ आला होता, आणि पुण्याच्या एका संस्थेने शाळेच्या कचेरीच्या गच्चीवर डिशची भलीमोठी छत्री बसवून दहावीसाठी गणिताचा दूरवर्ग सुरू केला होता. प्राध्यापक पुण्यात फळ्यापुढे उभे राहत आणि मुले उमापुरात टीव्हीपुढे बसत. शंका आलीच तर मुख्याध्यापकांच्या खोलीतला फोन वायरीसकट वर्गात ओढून आणायचा आणि पडद्यावरचा नंबर फिरवायचा. दर शनिवारी टीव्हीवरून चाचणी होई आणि उत्तरांचे कागद टपालाने पुण्याला जात. ज्या गावचे कागद एकमेकांची हुबेहूब प्रत निघतील, त्या गावची छत्री काढून नेली जाईल, अशी अट होती.

अट घालणाऱ्याला हा मुलूख ठाऊक नव्हता. नक्कल हा इथे गुन्हा नव्हे, आप्तधर्म होता. बोर्डाच्या परीक्षेला मामा खिडकीत, चुलता कंपाउंडवर आणि मेहुणा पाण्याचा तांब्या घेऊन थेट वर्गात असे. ज्याला चिठ्ठी पोचवायला कोणीच आले नाही, त्या मुलाकडे लोक पोरक्याकडे पाहावे तसे पाहत. देश उशिरा खुला झाला. परीक्षा इथे फार आधीपासून खुली होती. गुरुजींना या साऱ्याचा संताप होता, पण तो थंड, धुऊन घडी घालून ठेवलेला संताप होता. एकदा त्यांनी स्वतःच्या मेहुण्याला खिडकीवरून खाली उतरवले होते. तेव्हापासून माहेरचा विषय निघाला की त्यांच्या पत्नी शांतादेवी भाकरी अंमळ जोरात थापत.

दूरवर्ग मात्र त्यांनी खेटे घालून मिळवला होता. गणिताचे मास्तर बदली करून गेले ते गेलेच, आणि गुरुजींचा स्वतःचा विषय मराठी. छत्री गेली, तर पोरांचे गणित गेले.

पहिल्या शनिवारी ते दाराशी उभे राहून सुपारी कातरत होते. मागच्या बाकावर राजेश्वर नावाचा धिप्पाड मुलगा शेजाऱ्याचा कागद आपल्याकडे ओढत होता. नेमक्या त्याच क्षणी टीव्हीवरच्या प्राध्यापकांनी मान वर केली आणि ते म्हणाले, "मागच्या बाकावरच्यांनी लक्ष द्या."

हे वाक्य ते दर तासाला म्हणत. पण राजेश्वरच्या हातातला कागद गळून पडला.

"गुरुजी," तो उभा राहिला, "त्यायला हितलं दिसतं व्हय?"

गुरुजींनी वर्गाकडे पाहिले. पन्नास माना वर झाल्या होत्या आणि पन्नास कागद पहिल्यांदाच आपापल्या मालकापुढे होते. जन्मभर 'खोट्याच्या कपाळी गोटा' गिरवून घेणारे गुरुजी म्हणाले, "दिसतं. पुण्याहून सगळं दिसतं. ती छत्री उगीच बसवलीय का?"

वर्ग असा शांत झाला, की गुरुजींना आपल्याच अडकित्त्याचा आवाज लाजिरवाणा वाटला. त्यांनी तो खिशात घातला. 'दिसतं' म्हटल्यावर आपणही पुण्याला दिसतो असे समजूनच वागणे भाग होते. त्या दिवसापासून तासाला त्यांची सुपारी बंद झाली.

पुढच्या शनिवारी चाचणी चालू असताना वीज गेली. टीव्ही काळा झाला.

"आता तं दिसत नसंल," कोणीतरी हळूच म्हणाले.

"छत्रीला लाइट लागत नाही," गुरुजी उत्तरले. एकदा पायरी उतरलेल्या माणसाला दुसरी पायरी जड जात नाही, हे त्यांनी खेदपूर्वक नोंदवले. मुले माना खाली घालून लिहीत राहिली.

पण गावात गुपित राहते कुठे? सोमवारी राजेश्वरची आई केसरबाई डोक्यावरून पदर घेऊन वर्गात आली आणि तिने टीव्हीपुढे चहाची कपबशी ठेवली.

"सर, बोलून बोलून घसा सुकला आसंल. घ्या दोन घोट." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन आमच्या राजाला जरा सांबाळून घ्या. पोरगं लई गुणाचं हाय, फकस्त डोकं चालंना."

"आये, जा ना घरी!" राजेश्वर बाकाखाली शिरत म्हणाला.

"गप बस. सर बघायलेत."

मग शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष बंकटराव आले. त्यांची शंभर एकर बागायत आणि दोन पराभूत निवडणुका होत्या. आपण पुण्यात दिसतो हे कळल्यापासून ते रोज टीव्हीसमोर खुर्ची टाकून मुलांकडे पाठ करून बसू लागले. मुलांना फळ्याऐवजी अध्यक्षांची मान दिसे.

"गुरुजी, शनवारी मी सरांशी फोनवर बोलणार हाय," त्यांनी जाहीर केले. "इचारतो, आमी कसे काय दिसतोत. आन हे वर्गावरचे गळके पत्रे बी दावतो. गावची समदी मंडळी बोलावलीत."

गुरुजींच्या कपाळावरची विभूती घामाने ओली झाली. प्राध्यापक सभ्य गृहस्थ. ते स्वच्छ सांगणार, 'मला इथून काहीच दिसत नाही.' साऱ्या गावापुढे गुरुजी खोटे ठरणार, आणि पुढच्या चाचणीला कागद पुन्हा मेंढरांसारखे एकामागे एक चालणार. मग छत्री खाली.

"फोन बिघडलाय, अध्यक्षसाहेब."

"बिघडू द्या. पलीकडं विश्वेश्वरच्या बूथवरून दुसरा आणू. वायर लांब हाय त्याची."

त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. "माझ्या भावाला खिडकीतून उतरवलं, तवा तं दोन भाकरी जास्त खाल्ल्या हुत्या," शांतादेवी म्हणाल्या.

शनिवारी वर्गात मुंगीला जागा नव्हती. बंकटराव झोकदार भगवा फेटा बांधून टीव्हीसमोर उभे होते. एसटीडी बूथवाल्या विश्वेश्वरची मुलगी स्वप्नाली पहिल्याच बाकावर बसत असे. तिनेच नंबर फिरवून फोन अध्यक्षांच्या हातात दिला. गुरुजी भिंतीला टेकले. शाळेच्या भिंतीवर 'सत्यमेव जयते' लिहिले होते. ते नेमके त्याच्याखाली उभे होते.

"हालो! सर! मी उमापूरहून बंकटराव. आमी दिसतोत का?"

टीव्हीवर प्राध्यापकांनी फोन कानाशी धरला आणि ते हसले. गुरुजींनी डोळे मिटले.

"दिसता की, अध्यक्षसाहेब. गुलाबी फेटा काय शोभतोय तुम्हाला!"

गुरुजींनी डोळे उघडले. बंकटरावांनी फेट्याला हात लावला. "गुलाबी? सर, भगवा हाय ह्यो!"

मागच्या बाकावरून राजेश्वर ताडकन उठला. "सायेब, पुण्याचा टीव्ही जुना आसंल! रंग फरक दावायलाय."

"तेच म्हणलं," बंकटराव समाधानाने म्हणाले. "सर, टीव्ही बदला तुमचा. लागलं तं आमी वर्गणी काढू." गावाने टाळ्या वाजवल्या. पत्र्यांची गोष्ट काढायचे अध्यक्ष आनंदाच्या भरात विसरले.

गर्दी पांगल्यावर गुरुजींनी स्वप्नालीला आणि राजेश्वरला थांबवून घेतले. "हे काय होतं?"

स्वप्नाली पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली. "काल सांजच्याला मीच बूथवरून सरांला फोन लावलता. सायेबांनी गुलाबी फेटा इस्त्रीला टाकलाय आसं कळलं हुतं. ऐन येळंला बदलतील, हे काय ठावं?"

"म्हणजे त्यांना दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच शनवारी. घरी गेले आन सरांलाच इचारलं. ते लई हसले."

"वर्गाला सांगितलंस?"

"त्याच सांजंला."

गुरुजी बाकावर बसले. "मग इतके शनिवार तुम्ही नक्कल का केली नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. राजेश्वर खाकरला.

"गुरुजी, नक्कल केली आसती, तं तुमाला कळलं आसतं की आमाला कळलंय."

"मग?"

"मग तुमी खोटं बोललात हे उघडं पडलं आसतं. तुमाला लई वाईट वाटलं आसतं. तुमाला खोटं बोलता बी येत न्हाई हो. 'दिसतं' म्हणलात, तवा तुमचे कान लाल झालते. आमी ठरवलं, कायबी होवो, गुरुजींला सांबाळायचं. लाइट गेली तवाचं 'दिसत नसंल' बी सोंगच हुतं."

"आन ह्या नादात राजाला बीजगणित यायलंय," स्वप्नाली म्हणाली. "त्याची आय सरांच्या चहाचा गुण म्हणती."

ज्या आप्तधर्मावर ते जन्मभर दात खाऊन होते, त्याने या खेपेला त्यांनाच आप्त मानले होते. परीक्षेतल्या मुलाला चिठ्ठी पोचवावी, तशी मुलांनी त्यांची लाज त्यांच्यापर्यंत सुखरूप पोचवली होती. त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. घरी जाऊन त्यांनी शांतादेवींना मेहुण्याला जेवायला बोलवायला सांगितले. ती भाकरी कधी नव्हे इतकी अलगद थापली गेली.

सोमवारी तास सुरू झाला. गुरुजी मागच्या बाकावर, राजेश्वरच्या शेजारी बसले होते. आता कोणापासून काही लपवायचे उरले नव्हते. त्यांनी निवांतपणे खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी त्यात धरली.

"मागच्या बाकावरच्यांनी लक्ष द्या," टीव्हीवरून प्राध्यापक म्हणाले.

गुरुजींनी अडकित्ता खिशात घातला आणि ते ताठ बसले.