दिगूकाकांची नाव

लातुरात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, त्या दिवसांत आमच्या शेजारच्या दिगूकाकांच्या अंगणात चक्क नाव होती. लोखंडी ट्रॉलीवर, ताडपत्रीखाली. अख्ख्या गल्लीनं कोचिंगच्या पोरांसाठी खोल्या बांधल्या, अंगणं गिळली, जिने रस्त्यावर काढले. आम्हीही बांधल्या, लपवायचं कशाला? काकांच्या अंगणात मात्र नाव. पोरं तिच्यावर बनियन वाळत घालायची.

काका पाटबंधारे खात्यातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. खात्याच्या भंगारातली ही नाव त्यांनी काकूंसाठी उचलून आणली. काकूंचं माहेर नांदेडकडं, गोदावरीकाठी. सगळं लहानपण नावेतनं ये-जा करण्यात गेलेलं. "एकदा नावेत बसवा हो मला," एवढंच बाईंचं मागणं. रेणापूरचं धरण काही लांब नाही. पण काकांना ट्रॉलीचा भरवसा वाटेल तेव्हा ना!

दर रविवारी ट्रॉली जॅकवर चढायची. काका चाक हातानं फिरवून कान लावायचे. "बेरिंग बोलायलंय," म्हणायचे आणि ग्रीस भरायला बसायचे. मग टायरच्या भेगा, खालचे स्प्रिंगचे पाटे, मागचे दिवे. शेवटी जीपला जोडायची पिन, आणि ती निसटू नये म्हणून लावायचा चाप. बरं, हे वेड स्वतःच्या ट्रॉलीपुरतं असतं तर कोण कशाला बोलतंय? जूनमध्ये अहमदपूर-जळकोटचे आईबाप पोरांच्या गाद्या घेऊन टेम्पोनं यायचे. सामान उतरायच्या आत काका टेम्पोखाली!

"अहो काका, पोचलो की आम्ही!"

"वापस जायचं न्हाई का?"

धरणावर जायचं दर हिवाळ्यात ठरायचं. जीप माझी, म्हणून शाळेतला सर असूनही ड्रायव्हर मीच. काकू पहाटे उठून धपाटे करायच्या, सोबत दही, शेंगदाण्याची चटणी. आणि ऐन निघताना काकांना काहीतरी सापडायचंच. "चाप ढिला हाय. आज न्हाई." मग आम्ही तिघं अंगणातच सतरंजी टाकून धपाटे खायचो. माझं डोकं फिरायचं. "काका, तुम्ही ट्रॉली बघता का मुहूर्त?" काकू नुसत्या हसायच्या.

एका वर्षी मात्र काहीच सापडलं नाही. निघालो! काकू पुढं बसल्या, ठेवणीतली साडी नेसून. काका मागं, तोंड ट्रॉलीकडं करून. रेणापूर ओलांडलं, धरणाची भिंत दिसायला लागली आणि काका ओरडले, "थांबवा!"

खाली उतरून त्यांनी चाकाला हात लावला. पिन बघितली. पुन्हा बघितली. आणि तिथंच मातीत बसले.

"काय बिघडलं, काका?"

"काहीच न्हाई, सर. बिघडलं असतं तर वापस गेलो असतो की."

मग तुटक तुटक बोलले. भूकंपाच्या साली पडलेल्या गावात छपराचे पत्रे पोचवायचे होते. सगळ्यांनाच घाई. धाकटा भाऊ बापू ट्रॉलीत पत्र्यांवर बसलेला. काकांनी पिन घातली, चाप लावायचा राहिला. उतारावर पिन निसटली. ट्रॉली उलटली, बापू गेला. "म्याच बसवलं होतं त्याला. ह्या हातानं."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मला हे ठाऊक नव्हतं. काकूंना होतं. त्यांनी पदरानं काकांचं तोंड पुसलं, धरणाकडं एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वळवा हो सर. घरीच खाऊ." आवाजात रुसवा असता तर बरं वाटलं असतं. तो अजिबात नव्हता. मी जीप वळवली.

पुढच्या हिवाळ्याआधीच काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

नाव काकांनी धरणावरच्या एका मासेमाराला देऊन टाकली. तो ट्रॅक्टर घेऊन आला त्या सकाळी त्यांनी चाकं, पाटे, पिन सगळं पुन्हा बघितलं. चाप स्वतः लावला. मग विचारलं, "संगं कोण असतंय नावेत?"

"बायको असती की. जाळं तीच ओढती."

काकांनी नावेच्या कडेवर हात ठेवला.

"मग पोचल्या पोचल्या पहिलं तिला फिरवून आणा," ते म्हणाले. "जाळं मागनं टाका. आजच फिरवा, बरं का. माझ्यासारखं बघत बसू नका."