तोनचे पंधरा गोळ्यांचे मॅगझिन

श्यामकांत टिपरे यांनी शुक्रवारी रात्री लिहिलेला ईमेल नेमबाजी क्लबच्या सचिवाला एकट्याला जायला हवा होता. तो एकशे बारा सभासदांना गेला. शनिवारी सकाळी हे कळले तेव्हा ते पोहे खात होते आणि स्वतःवर खूश होते.

"आलं का उत्तर?" त्यांच्या बायकोने, उल्काने, विचारले.

"नऊ आलीत," श्यामकांत फोनकडे बघत म्हणाले. "पण सचिव तर एकच आहे."

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका कंपनीत ते तपासणी विभागात इंजिनिअर होते. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधणे हे त्यांचे काम, आणि ती सवय घरीही सुटत नसे. कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती. त्या हौसेने ते चार महिन्यांपूर्वी या क्लबात दाखल झाले. नव्या माणसाने क्लबचीच बंदूक वापरायची, तीही जुन्या सभासदाच्या देखरेखीखाली, असा शिरस्ता होता. श्यामकांतच्या वाट्याला तोन आला. बहात्तर वर्षांचा, आयुष्यभर सायकली दुरुस्त केलेला, कमी बोलणारा. तो त्यांचे कोपर हाताने सरळ करायचा, श्वास कधी रोखायचा ते सांगायचा आणि डब्यातले अर्धे सँडविच न विचारता पुढे करायचा.

ईमेल त्याच तोनविरुद्ध होता.

गुरुवारी तोन स्वतःच्या पॉइंट टू-टूने नेम धरत होता आणि श्यामकांत मागे उभे राहून मोजत होते. मॅगझिन न बदलता पंधरा गोळ्या सुटल्या. दहाच्या वरचे मॅगझिन कायद्यात बसत नाही, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. पुढे अर्धा तास ते तोनबरोबर कॉफी प्यायले. तेव्हा विचारता आले असते, पण समोरासमोर विचारायचा संकोच वाटला. लिहिताना मात्र अजिबात वाटला नाही. दोन पानी मजकूर, तोनचे पूर्ण नाव, खाली कायद्याचे डच कलम जसेच्या तसे. मग क्लबच्या ईमेलने आलेल्या मासिक पत्रकालाच 'उत्तर द्या' करून त्यांनी तो पाठवून दिला.

मृण्मयीने त्यांच्या हातातून फोन घेतला. ती पंधरा वर्षांची, इथेच वाढलेली. "बाबा, हा रूल तू फुल वाचलास?"

"ट्रान्सलेट करून वाचला."

"इथे 'सेंत्रालफ्यूर' लिहिलंय. लाइक, फक्त त्या टाइपच्या गन्स. तोनची कुठली आहे?"

"मला वाटलं ते असंच एक विशेषण आहे," श्यामकांत म्हणाले आणि लॅपटॉप उघडून बसले.

ते विशेषण असेच नव्हते. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होतो, ते सेंटरफायर. दहाची मर्यादा त्या अर्धस्वयंचलित रायफलींना होती. पॉइंट टू-टूच्या काडतुसावर आघात कडेला होतो, म्हणून ते रिमफायर. त्याला ते कलम लागू नव्हते. आणि हे एनसीसीतल्या हवालदाराने त्यांना तीस वर्षांपूर्वी काडतूस हातात देऊन शिकवले होते.

त्यांनी घाईघाईने ईमेल मागे घेण्याचे बटण दाबले. त्यामुळे 'श्यामकांत टिपरे यांना हा संदेश परत घ्यायचा आहे' अशी सूचना एकशे बारा जणांना गेली. ज्यांनी मूळ ईमेल उघडला नव्हता, त्यांनी तो आता मुद्दाम उघडला. दुपारपर्यंत एकट्या श्यामकांतना आलेली उत्तरे एकतीस झाली. बहुतेकांत एकच ओळ होती: ती रायफल रिमफायर आहे, महाशय.

तोनचे उत्तर नव्हते.

रविवारी श्यामकांत घराबाहेर पडले नाहीत. सोमवारी त्यांनी तोनला फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. मंगळवारी संध्याकाळी उल्काने बेसनाच्या लाडवांचा डबा त्यांच्या हातात ठेवला.

"जाऊन ये, श्याम."

"काय बोलू त्याच्याशी?"

"दोन पानं लिहायला सुचलं होतं ना? दोन वाक्यं सुचतील."

तोनने दार उघडले आणि त्यांना स्वयंपाकघरात नेले. श्यामकांतनी सायकलवर पाठ केलेली डच वाक्ये एका दमात म्हटली. चूक माझी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला लाज वाटते.

तोन खाली बघत होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. हा आता घालवून देणार, असे श्यामकांतना वाटले.

"मी काल पोलिसांकडे गेलो होतो," तोन हळूच म्हणाला.

"माझी तक्रार करायला?"

"नाही. मॅगझिन जमा करायला. तू इंजिनिअर माणूस, कलम नंबरासकट लिहिलंस. मला वाटलं, कायदा बदलला असेल. पन्नास वर्षं नेम धरतोय मी, आणि नातीच्या वयाच्या पोलीस मुलीनं मला काडतुसाचं बूड कसं असतं ते कागदावर काढून दाखवलं." त्याने तो कागद खिशातून काढला आणि लगेच परत ठेवला. "क्लबात कुणाला सांगू नकोस. सगळ्यांना मी हे चाळीस वर्षं शिकवलंय."

"नाही सांगणार," श्यामकांत म्हणाले.

इतक्यात तोनची बायको आत आली. तिने डबा उघडला, एक लाडू खाल्ला आणि दुसरा घेतला. "फार छान आहेत. कशाबद्दल?"

तिलाही काही माहीत नाही, हे श्यामकांतच्या लक्षात आले. "सण आहे आमचा," ते म्हणाले.

"कुठला?"

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी त्यांना एकही सण आठवेना. तोननेच बाजू सावरली. "मोठा सण असतो त्यांचा," तो बायकोला म्हणाला. "दरवर्षी असतो."

तिने भिंतीवरच्या, दरवर्षी तेच वापरायच्या कॅलेंडरवर, जिथे घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेले होते, तिथे पेनाने तो सणही लिहून टाकला. तेव्हापासून दर फेब्रुवारीत उल्का तोनच्या घरासाठी लाडू वळते, आणि हा कुठला सण म्हणून तिने विचारले की श्यामकांत बेसन भाजायला घेतात.