नाव हाय मले

वैशालीला ‘मावशी’ अशी हाक मारली की ती काम करायची, पण ओ द्यायची नाही. बेडपॅन आणायची, उशी बदलायची, सारं मुकाट्याने. जाताना एवढंच, “नाव हाय मले.”

आमच्या अकोल्याच्या दवाखान्यात ती मदतनीस होती आणि मी खालच्या औषधाच्या दुकानात. डॉक्टरला सर, नर्सला सिस्टर आणि पेशंटचं अंग पुसणारी, घाण काढणारी ती मावशी! मग वय तेवीस का असेना. मला हा सरळ अन्याय वाटायचा. मी तिच्या बाजूने एक जळजळीत पत्रकही लिहिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “लय उद्गारचिन्हं टाकले बापा. याच्यात माहं नाव कुठी हाय?”

नव्हतंच.

तिची पद्धत वेगळी होती. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका ओरडले, “ओ मावशी!”

“काका, तुमचं वय काय?”

“पासष्ट.”

“माहं तेवीस. मंग मी तुमच्या मायची बहीण कशी झाली, सांगा बरं?”

काका पोट धरून हसले. “वैशाली, हसवू नको वं, टाके दुखून राहिले!”

चादरीचे कोपरे खोचताना ती हाडांची नावं पाठ करायची. अमरावतीला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा आम्ही चिडवलं, “आता सिस्टर म्हणा लागते!”

“वैशाली सिस्टर. अर्धं नाही चालत.”

तिच्या शेवटच्या दिवशी बार्शीटाकळीच्या गोदाबाई अडून बसल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वय ऐंशीच्या घरात, पोटच्या मुलालाही ओळखेनात. आता उभ्या राहिल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण कुणी हात लावला की त्या किंचाळायच्या, “मावशी! मावशी वं!”

मुलगा ओशाळून म्हणाला, “तिले तिच्या मावशीनं वाढवलं. तिलेच बलावून राहिली.”

सगळा वॉर्ड वैशालीकडे बघायला लागला. मी औषधं द्यायला वर आलो होतो, मीही.

तिने हात पुसले. “ओ,” ती म्हणाली. “आली मी.”

“पडीन ना मी, मावशी.”

“नाही पडत, पोरी. मी धरलं ना.”

गोदाबाई उठल्या. वैशालीच्या खांद्याला धरून खिडकीपर्यंत चालल्या.

संध्याकाळी पिशवी घेऊन वैशाली दुकानापाशी थांबली. “गोदा उद्या मले इचारन. मी गेली म्हून सांगू नका.”

“मग काय सांगू?”

“मावशी विहिरीवर गेली म्हना,” ती म्हणाली. “येते म्हना.”