गायरोला दमा असतो

विमान उतरून हँगरपाशी आलं, इंजिन बंद झालं, पंखा थांबला, की सगळे खाली उतरतात. रेवणअण्णा मात्र तेव्हा वर चढायचे. मी पट्टा सोडून बाहेर पडते न पडते तोच ते माझ्या जागेवर येऊन बसायचे, समोरच्या पॅनेलला कान लावायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. मे महिन्यातलं सोलापूर, आत विमानाची भट्टी झालेली, आणि हा पासष्टीचा माणूस घामाने निथळत आठ-दहा मिनिटं डोळे मिटून बसलेला. एकदा एका नव्या विद्यार्थिनीला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. ती पाण्याची बाटली घेऊन धावली. अण्णांनी डोळे न उघडता तिला कानडीत ‘सुम्म कूडु’ म्हणून गप्प बसवलं. आणखी चार मिनिटांनी ते उठले आणि समाधानाने म्हणाले, “झोपलं बगा.”

झोपायचा तो गायरो. विमानाच्या पॅनेलवर घड्याळासारख्या ज्या डब्या असतात, त्यांतल्या एकदोघींच्या पोटात एक छोटं चाक भिंगरीसारखं गरगरत असतं. धूळ-ढगांत आभाळ कुठं नि जमीन कुठं हे कळेनासं झालं, की विमान सरळ आहे की कललंय ते या चाकावरून समजतं. आमच्या जुन्या विमानात ही चाकं हवेवर फिरायची. इंजिनाला जोडलेला पंप डब्यांतून हवा ओढायचा, त्याला अण्णा ‘सक्शन’ म्हणत. इंजिन थांबलं तरी चाक बारीक सूं आवाज करत बराच वेळ फिरत राहतं. तो आवाज कसा मावळतो, मध्येच खरखरतो का, यावरून अण्णा त्याची तब्येत सांगायचे. तोवर विमानाला ढकलणं सोडाच, त्याला टेकून उभं राहायचीही कुणाची छाती नव्हती.

मी सोलापुरातल्या एका लहानशा संस्थेत विमान चालवायला शिकवते. संस्था म्हणजे दोन विमानं, एक हँगर आणि पुष्कळ ऊन. अण्णा तिथले यंत्रांचे मेकॅनिक. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी आणि विमानाशी दोन्ही. कागदोपत्री ते कधीच निवृत्त झाले होते. पण सक्शनवर चालणाऱ्या डब्यांतलं कळणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता, म्हणून मालक त्यांना दरवर्षी ठेवून घ्यायचे. बायको महादेवी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला बोलावतो, पण अण्णा जात नाहीत. “तितं मी सकाळी उटून कुटं जाऊ?” एवढंच विचारतात.

अण्णांचा पहिला सिद्धांत असा, की गायरोला दमा असतो. धूर त्याला चालत नाही. डब्यांत जाणारी हवा गाळणीतून जाते आणि विडी-सिगारेटच्या धुराने गाळणी चोंदते, हे खरंच आहे. पण अण्णा त्यासाठी माणसांचा वास घ्यायचे. हँगरच्या दारात उभं राहून, “जरा हा करा बगू.” एकदा खुद्द मालक सिगारेट विझवून आत आले, तर अण्णांनी त्यांना दहा मिनिटं उन्हात उभं केलं. मालक चिडून म्हणाले, “अहो, हँगर माझा आहे.” अण्णा म्हणाले, “हँगर तुमचा हाय की. दमा त्येचा हाय.”

खंडेनवमीला तर कहरच. त्या दिवशी आम्ही पाने-पक्कड मांडतो, विमानाला झेंडूची माळ घालतो. पूजेला आलेल्या स्वामींनी उदबत्तीचा पुडा काढला मात्र, अण्णांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. कापूरही नाही. स्वामी म्हणाले, “रेवणप्पा, धूप-दीपाशिवाय पूजा कशी व्हायची?” अण्णांनी खिशातून बॅटरी काढली, ती पेटवली आणि विमानाला तिनेच ओवाळलं. तेव्हापासून आमच्याकडे खंडेनवमीची आरती बॅटरीने होते. स्वामींना आता त्याची सवय झाली आहे, गेल्या वर्षी तर त्यांनी स्वतःची आणली होती.

बॅटरीवरचा हा विश्वास तेवढ्यापुरताच. एरवी विजेशी अण्णांचं वाकडं. “लाईट हा पाव्हना हाय, मॅडम. आला तर आला. सक्शन घरचं मानूस. इंजिन फिरतंय तवर त्ये हाय.” त्यांच्या दाराला विजेची घंटा नाही, दोरी ओढून वाजवायची पितळी घंटा आहे. हातात किल्लीचं घड्याळ. डोक्यावर पंखा फिरत असला तरी हातात विणलेल्या पंख्याची मूठ धरलेली असते, म्हणजे पाहुणा गेला की लगेच सुरू करता यावं. आमच्या विमानात, कुठल्या बाजूला वळतोय ते दाखवणारी वळणाची सुई तेवढी विजेवर चालायची, आणि तिच्याकडे अण्णा सवतीच्या पोरीकडे बघावं तसे बघायचे. पुसायचे सगळ्या काचा, पण तिची शेवटी.

अशा माणसापुढे मालकांनी एक दिवस कागद ठेवला. सक्शनच्या डब्या काढून विजेवर चालणाऱ्या बसवायच्या का, यावर अण्णांचा लेखी अभिप्राय हवा होता. नव्या डब्यांत फिरतं चाकच नसतं. बिघडल्या तर उघडायच्या नाहीत, खोक्यात घालून परत पाठवायच्या. म्हणजे ज्या कामासाठी अण्णा होते ते कामच उरणार नव्हतं. हे मालकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि अण्णांना आमच्याआधी ठाऊक होतं.

मी विजेच्या बाजूची. तसं मी त्यांना सांगितलं. पंप न सांगता मरतो. आतली कोळशाची पाती एका क्षणात तुटतात, ना आवाज ना वास. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन तुमचा पाव्हना गेला तर? सगळ्या डब्या एकदम आंदळ्या.” उत्तर चूक नव्हतं. पण त्यात त्यांचं रोज सकाळी उठून कुठंतरी जाणं मिसळलेलं होतं, हे मला दिसत होतं. म्हणून मी जोर केला नाही. कागद महिनाभर त्यांच्या टेबलावर शेंगाचटणीच्या डब्याखाली पडून राहिला.

मग ती दुपार आली. मी एकटीच विमान परत आणत होते. जेऊरपर्यंत खाली रेल्वेचे रूळ स्पष्ट दिसत होते. पुढे वावटळींनी उठलेली धूळ अशी पसरली, की आभाळ आणि जमीन दोन्ही एकाच मातकट रंगाची झाली. मी पॅनेलवरच्या क्षितिजाच्या डबीवर नजर ठेवली. तिच्यातली रेघ सांगत होती की विमान जरासं डावीकडे कलतंय, म्हणून मी उजवीकडे घेतलं. रेघ आणखी कलली, मी आणखी घेतलं. सगळं इतकं सावकाश चाललं होतं की शंका यायला जागाच नव्हती. वाऱ्याचा आवाज वाढला तेव्हा माझं लक्ष त्या विजेवरच्या सुईकडे गेलं. ती म्हणत होती, बाई, तू उजवीकडे गोल गोल खाली चाललीस. सक्शनचा काटा पाहिला, तो शून्यावर होता. पंप मेला होता आणि मंदावत चाललेलं चाक मला खोटं सांगत होतं.

क्षितिजाच्या डबीवर मी रुमाल खोचला, म्हणजे तिच्याकडे पुन्हा बघायचा मोह नको. सुई आणि होकायंत्र धरून विमान सरळ केलं. मोहोळ गेल्यावर धूळ विरळ झाली आणि चिंचोळी एमआयडीसीचे पत्रे चमकताना दिसले. त्या पत्र्यांवर माझा इतका जीव कधी जडला नव्हता. उतरल्याउतरल्या मी अण्णांना सगळं सांगितलं.

ते त्या दिवशी विमानात चढले नाहीत. पुढचं झाकण उघडून त्यांनी पंप काढला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. काजळीसारखी काळी भुकटी पडली. पंपाची मुदत संपायला अजून बराच अवकाश होता, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तसं मी म्हटलंही. अण्णा त्या भुकटीत बोट फिरवत राहिले.

“आमची म्हादेवी,” ते एकदम म्हणाले. “मी रोज इचारायचो, कशी हायेस? ‘आराम अदीनि’ म्हनायची. आराम हाय. वर्सभर त्येच. पयलं जिन्यात थांबाया लागली. मग भाकरी बसून थापाया लागली. मग देवळाला जायाचं सोडलं. रोज जरा जरा कलत हुती, मॅडम. आन मी रोज बगत हुतो ना, म्हनून मला ती सरळच दिसत हुती.”

अण्णांनी चिंधीने बोट पुसलं.

“हितं चाकाचा आवाज ऐकून मी बेरिंगचं आयुष्य सांगतो. घरातलं मला ऐकू आलं न्हाय.” मग त्यांनी विचारलं, “त्या इलेक्ट्रिकवाल्या डबीचं आत काय बिगडलं की ती तोंडावर लाल पट्टी आनती म्हनता न्हव? आता माजं खरं मानू नका, आसं सांगती?”

“सांगते.”

“मग तीच बसवा.”

डब्याखालचा कागद काढून त्यांनी उभ्याउभ्या लिहिला. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. दोन डब्या घ्याव्यात आणि दोघींना आपापली वेगळी बॅटरी द्यावी, अशी अट घातली. मला समजावलं, “दोघी जावा हायत. चूल येगळी पायजे. एक उपाशी ऱ्हायली तर दुसरीनं तरी रांदावं.” मी विचारलं, “अण्णा, मग तुमचं काय?” ते सही करत म्हणाले, “माजं काय. मी हाय की.”

नव्या डब्या बसल्या आणि अण्णा घरी बसले. पुण्याला गेले नाहीत. मी रोज संध्याकाळी फोन करायचे, ते म्हणायचे, “आराम हाय, मॅडम.” दहा-बारा दिवस मी ते मुकाट्याने ऐकून फोन ठेवला. मग एका संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी फोन करायचं सोडलं आणि थेट घरी जाऊ लागले. डोळ्यांखाली बघायचे, जेवले का विचारायचं सोडून भांड्यांत डोकावायचे. अण्णा वैतागायचे. “मॅडम, मानसाच्या घरी येताय का तपासनीला?” मी म्हणायचे, “तपासणीलाच.”

मागच्या गुरुवारी मी विद्यार्थ्याला बसवून पट्टा बांधत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. स्वतःहून त्यांनी कधी केला नव्हता. 

“मॅडम, सकाळधरनं आराम न्हाय,” अण्णा म्हणाले. “छातीत-बितीत काय न्हाय. घरात लई एकटं वाटतंय. तुमी येता का?”

कुणाला बरं वाटत नाही हे ऐकून मला इतकं हायसं आजवर वाटलं नव्हतं. “येते,” मी म्हणाले. विद्यार्थ्याला उतरवलं. नोंदवहीत त्या दिवशीचं उड्डाण रद्द केलं, कारणाच्या रकान्यात ‘अण्णा’ असं लिहिलं आणि निघाले.