मौनी साहेब आणि उलटा व्हॉल्व्ह

कचेरीत दोनच प्रकारच्या माणसांना बढती मिळते. एक, जी सतत बोलतात. आणि दुसरी, जी काहीच बोलत नसल्यामुळे त्यांच्याविरुद्ध लिहायला कुणाला काही सापडत नाही. पहिल्या प्रकारावर भरपूर साहित्य उपलब्ध आहे. दुसऱ्याचा अभ्यास करायचा तर रेणापूरच्या बाजूच्या एका पाणीपुरवठा उपविभागाकडे बघावं लागेल. (नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीचे आपलाच समजतील.)

तिथे सुगत साहेब उपअभियंता म्हणून रुजू झाले. मूळचे मुदखेडचे, आणि इतके अबोल की लग्न ठरताना मुलाला वाचा आहे ना, याची विशाखाच्या वडिलांनी दोघांकडून खात्री करून घेतली होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी वरच्या वस्तीची नवी पाइपलाइन पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, टाकीखालचा व्हॉल्व्ह उलटा बसवलाय. पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या त्या व्हॉल्व्हवरचा बाण वस्तीकडे हवा, तो टाकीकडे होता. त्यातून वस्तीला थेंबभर पाणी जाणं शक्य नव्हतं, आणि उद्घाटनाचा नारळ तर फुटून गेला होता.

"तीनच शब्द हायत," विशाखा डबा भरता भरता म्हणाली. "व्हॉल्व्ह उलटा बसलाय. म्हणून टाका की मीटिंगमध्ये."

साहेब मीटिंगमध्ये उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. तिन्ही शब्द आल्या वाटेने परत गेले, आणि साहेब खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले.

आता, आपल्याकडे साहेब ओरडला तर कुणी घाबरत नाही. ते रोजचंच आहे. साहेब गप्प बसला, की त्याला सगळं कळलंय असं धरून चालतात. हेडक्लार्क वीरभद्रअप्पा चाचरत उठले. "साहेब, लातूरहून अप-डाउन करून राहिलो मी. उद्यापासून न्हाई करणार." मग एकाने मोजमापं चहाच्या टपरीवर बसून घेतल्याचं कबूल केलं. दुसऱ्याला कबूल करण्याजोगं काही आठवेना, म्हणून त्याने मेव्हण्याचा गुन्हा स्वतःवर घेतला. व्हॉल्व्हचं तेवढं राहून गेलं, कारण तो काही कुणा एकाचा दोष नव्हता. त्यावर सगळ्यांच्याच सह्या होत्या.

महिन्याभरात हजेरी एकशे चार टक्के झाली (बदली होऊन गेलेलेही भीतीने येऊन बसू लागले). कीर्ती लातूरला पोहोचली. तिथल्या एका प्रशिक्षणवर्गात 'अंतर्मुखांचे परिणामकारक नेतृत्व' या विषयाची सूत्रं साहेबांवरून बेतण्यात आली : प्रश्नाला उत्तर न देता चष्मा पुसावा, फाइल उघडून लगेच मिटावी, खिडकीबाहेर झाड नसल्यास शासकीय खर्चाने लावून घ्यावं. उत्कृष्ट अधिकारी म्हणून साहेबांचं नाव वर गेलं. दरम्यान वस्तीला पाणी मिळालं नव्हतं, पण ते कुठल्याच सूत्रात बसत नव्हतं.

साहेबांना मनातून फार लाज वाटायची. विशाखा आता काही विचारत नसे. डब्याशेजारी पाण्याची बाटली मात्र जरा आपटूनच ठेवी.

एक दिवस वस्तीतल्या कोंडाबाई कचेरीत आल्या. "साहेब, तोटी चांगली बसवली तुमी, पर पानी न्हाई तिला. डोक्यावरच आणून राहिलो आमी."

साहेबांनी चष्मा पुसला.

"साहेबांनी मनावर घेतलंय, मावशी," अप्पांनी अर्थ सांगितला. कोंडाबाई अर्थ घेऊन गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा अर्थच घेऊन गेल्या.

त्यानंतर आल्या तेव्हा त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. साहेबांनी फाइल उघडून मिटली. कोंडाबाई बघत राहिल्या. साहेब झाडाकडे वळले. कोंडाबाईही झाडाकडे बघू लागल्या. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. कोंडाबाईंनी लातूरचा वर्ग केलेला नव्हता, पण कोरड्या नळापुढे बसून राहायचा सराव त्यांना होता.

शेवटी साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "व्हॉल्व्ह उलटा बसलाय."

"मग सुलटा करा की," कोंडाबाई म्हणाल्या.

दुपारी व्हॉल्व्ह खोलून फिरवून बसवला. संध्याकाळी वस्तीत पाणी आलं. साहेबांना इतका आनंद झाला की घरी गेल्यावर ते सलग दोन वाक्यं बोलले. कचेरीचं मात्र अपरिमित नुकसान झालं. "एवढंच ठाव होतं व्हय ह्यांना?" म्हणत अप्पांनी अप-डाउन पुन्हा सुरू केलं, हजेरी एकसष्ट टक्क्यांवर आली आणि उत्कृष्ट अधिकाऱ्यांतून साहेबांचं नाव कमी झालं. शेरा होता : 'नेतृत्वगुण असतानाही बोलले.'

तेव्हा वाचकहो, धडा स्पष्ट आहे. तुमच्याही कचेरीत एक व्हॉल्व्ह उलटा बसलेला आहे. कुठला, ते वाचता वाचता तुमच्या डोळ्यांपुढे आलंच असेल. येत्या मीटिंगमध्ये तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही, याची आम्हाला खात्री आहे. संकोच नसावा. त्याला आता भित्रेपणा म्हणत नाहीत, नेतृत्व म्हणतात. फक्त समोरच्या खुर्चीत कुणाला बसू देऊ नका.