पिवळा दिवा आणि ओला डाग

प्रणालीने आयुष्यात एकच धोक्याची सूचना हसण्यावारी नेली. एरवी ती सूचना मानणारी बाई. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर ती शेवटपर्यंत वाचते. लिफ्टमधली वजनाची पाटी वाचून आतली माणसं मोजते. आठ महिन्यांची अन्वी झोपली की श्वास चालू आहे ना, हे बघायला तिच्या नाकाशी बोट धरते, आणि अर्थातच अन्वी उठते. अशा बाईला मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शोभाताई म्हणाल्या होत्या, "तुझे सासरे सोन्यासारखे आहेत वं, पण ते चूप बसून काय करून राहिले, ते मधूनमधून पाहत जा."

प्रणाली हसली होती. चंपतरावांचं काय पाहायचं? उमरेडला हातमागावर उभी हयात घालवलेला, चहासुद्धा आवाज न करता पिणारा माणूस!

तर मे महिना. गाडीचा रेडिएटर गळला आणि केशव मेकॅनिकने नवा बसवला. "वहिनी, आता दहा वर्षं पाहायचं काम नाही," तो म्हणाला. "काटोल काय, काश्मीरले जा."

प्रणालीला काटोललाच जायचं होतं. सोमवारी अकरा वाजता तिथल्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या जागेसाठी मुलाखत होती. अन्वी अंगावर पिणारी, म्हणजे ती सोबत येणारच; आणि पंचेचाळीस डिग्रीत तिला घेऊन एसटीत चढायची गोष्टच नको. सुशीलला, म्हणजे नवऱ्याला, रजा नव्हती. पण अट होती. "गाडीत काही निघालं तर जायचं नाही. पोरीले घेऊन भर उन्हात हायवेवर अडकशील."

शुक्रवारी दुपारी प्रणालीने गाडी बाहेर काढली आणि दहाव्या मिनिटाला समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला. ती केशवला फोन करून घरी परतली आणि संध्याकाळी गाडी त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने मशीन लावून पाहिलं. "इंजिन तापलं म्हणते. पण पाणी बरोबर, पंखा बरोबर." दिवा पुसला, एक चक्कर मारली. काही नाही. शनिवारी दुपारी दिवा पुन्हा हजर. पुन्हा केशव, पुन्हा चक्कर, पुन्हा काही नाही. धडधाकट बाळ तिसऱ्यांदा दाखवायला आणणाऱ्या आईकडे डॉक्टर जसे बघतात, तसं केशवने तिच्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्ही त्या दिव्याकडे पाहूच नका ना."

सुशीलने हा सल्ला फारच मनावर घेतला. घरी आल्यावर त्याने प्रणालीच्याच पाकिटातली मोठी मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. "आता दिसते का?"

"तुमच्या तोंडावर लावू का एक?" प्रणाली म्हणाली.

रविवारी सकाळी गाडीच्या नाकाखाली ओला डाग होता. चांगला परातीएवढा.

"झालं," सुशील म्हणाला. "नवा बी गळला. काटोल कॅन्सल."

केशवने फोनवर विचारलं, "कूलंट हिरवं असते. हिरवं आहे का?"

हिरवं नव्हतं. प्रणाली गुडघ्यावर बसली, डागाला बोट लावलं आणि वास घेतला. गेले आठ महिने तिचं दुसरं कामच नव्हतं. दूध, लाळ, शू आणि 'अरे देवा' असे ओल्या डागाचे चार प्रकार ती अंधारात ओळखते. हा पाचवा निघाला. वाळ्याचा वास!

वाळा कूलरमध्ये असतो. गाडीला वाळ्याचा वास कशाला? ती लसीकरणाची वही घेऊन आली, कारण दिवा कधी लागला हेही ती त्यातच लिहीत होती. शुक्रवार, घरून निघाल्यावर. शनिवार, घरून निघाल्यावर. केशवकडे, कधीच नाही. आणि केशवकडे जायच्या आधी दर वेळी काय होत होतं? मामाजी, म्हणजे सासरे, म्हणत होते, "पाच मिनिटं थांब बेटा, गाडी पुसून देतो."

ती सरळ फरशीवर आडवी झाली, पुढच्या जाळीमागे हात घातला आणि ओढलं. बाहेर आली वाळ्याची ताटी. सुतळीने बांधलेली, काठाला दुहेरी वीण, नवरीच्या शालूसारखी. मुंगीला पलीकडे जायचं तर वळसा घालावा लागेल अशी घट्ट.

मागे चंपतराव बादली घेऊन उभे होते. सकाळचं दुसरं पाणी मारायची वेळ झाली होती.

"मामाजी, हे काय?"

"ताटी." ते अजिबात गडबडले नाहीत. "कूलरले लागते, मंग रेडिएटरले काहून नाही? दोघाईचं काम एकच. नातीची गाडी थंड राह्यली पायजे ना."

"मग केशवकडे जाताना काढत काहून होते?"

"त्यानं पाह्यली असती तर उद्यापासून दुकानात विकाले टांगली असती."

"मामाजी, कूलरची ताटी सैल असते, तिच्यातून वारा येतो. तुमच्या या विणीतून वारा जाते का?"

चंपतरावांनी ताटी उन्हात धरली. उजेडाचा एक ठिपकाही आरपार आला नाही. "नाही जात," ते समाधानाने म्हणाले. "कधीच नाही गेला."

सुशीलने दिव्यावरची टिकली काढली. प्रणालीने अर्धा दिवस गाडी भर उन्हात फिरवली, मुद्दाम दोनदा केशवच्या दुकानासमोरून. दिवा मेल्यासारखा गप्प.

सोमवारी तिने स्वतः गाडी काटोलला नेली. मागे चंपतरावांच्या मांडीवर अन्वी झोपलेली, तापमानाचा काटा मधोमध, आणि ती साडेदहाला कॉलेजच्या फाटकात. मुलाखतीत तीन प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं तिने दिली आणि तिसरा प्रश्नच कसा चुकला आहे ते सांगितलं. प्राचार्य मधुकरराव उठून उभे राहिले. "जूनपासून या, मॅडम."

नेमणुकीचा कागद टाइप होईपर्यंत ती अर्धा तास ऑफिसात बसली. तो हातात घेऊन वाऱ्यावर चालल्यासारखी बाहेर आली, तर झाडाखाली चंपतराव एका कडेवर अन्वी घेऊन प्राचार्यांच्या गाडीचं बॉनेट हलकेच बंद करत होते.

"सर म्हणत होते, गाडी लय गरम होते," त्यांनी सांगितलं. "आपलीच ताटी सोबत होती. तूच शिकवलं ना बेटा, सैल पायजे, म्हणून यांच्या गाडीले सैल बांधली."

तिला हे उमगेपर्यंत प्राचार्य गाडीत बसून फाटकाबाहेर गेलेही होते. फोन ते उचलत नाहीत. काटोलकडे तुमचं कोणी असेल तर प्रणालीची हात जोडून विनंती आहे, मधुकरराव घरी पोचले का, तेवढं पाहून या.