वरच्या मजल्यावरची डिस्क

दुपारी दोन वाजता भाऊंच्या कॉम्प्युटरने 'सर्व्हर सापडत नाही' असं जाहीर केलं. चार वाजता हेडमास्तरांची शोकसभा होती आणि भाषण भाऊंचं होतं. ते आत होतं म्हणावं, तर आत काहीच नव्हतं. हार्ड डिस्कच्या घरघरीने शब्द सुचत नाहीत म्हणून भाऊंनी जावयाकडून ती काढवून घेतली होती. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरूसुद्धा व्हायचा तो वायरीतून, वरच्या मजल्यावर थोरल्या ताईच्या कपाटात ठेवलेल्या स्टोरेजच्या पेटीवरून; डिस्क आणि सगळ्या फाइली आता त्या पेटीत होत्या.

भाऊ वर गेले. पेटीची वायर काढून ताईने उशीखाली ठेवली होती.

"ताई, वायर दे. चारला सभा आहे."

"माझी कधी आहे?"

ऐनवेळी धांदल नको म्हणून ओळखीतल्या प्रत्येक वयस्कर माणसाचं श्रद्धांजलीचं भाषण भाऊ आधीच लिहून ठेवत. त्याच पेटीत जुने फोटो शोधताना ताईला स्वतःच्या नावाची फाइल सापडली होती. तारखेची जागा तेवढी मोकळी होती.

"तयारी असलेली बरी असते," भाऊ पुटपुटले.

"तयारीचं काही नाही रे. हेडमास्तरांना तीन पानं आणि सख्ख्या बहिणीला दीड?"

"ते हेडमास्तर होते, ताई."

"आणि तुला कडेवर घेऊन कोण हिंडलं? माझीही तीन पानं कर, मग वायर देते."

"वायरीशिवाय करू कुठे?"

हे ताईला पटलं. तिने वायर जोडली आणि भाऊंच्या मागोमाग खाली येऊन खुर्चीला खुर्ची लावून बसली.

साडेतीन वाजले तरी गाडी दोन पानांपुढे सरकेना. शेवटी भाऊंनी हेडमास्तरांच्या भाषणातला त्याग, करारी बाणा आणि दीपस्तंभ उचलून ताईला बहाल केला. तीन पानं भरली. ताईने डोळे पुसले. आता तेच गुण पुन्हा हेडमास्तरांना लावायची सोय नव्हती, कारण ताई पहिल्या रांगेत बसणार होती.

सभेत भाऊंनी उरलेल्या चार ओळी वाचल्या. "सर मारायचे, पण आधी चष्मा काढून ठेवायचे. स्वतः चुकले तर वर्गासमोर कबूल करायचे. छत्तीस वर्षांत त्यांनी रजा घेतली नाही. ही पहिलीच."

हेडमास्तरांच्या पत्नी भाऊंचा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

परतताना ताई जिन्यात थांबली.

"माझ्यातला तो दीपस्तंभ काढ. त्यागही काढ."

"मग दीडच पान उरेल, ताई."

"तेही नको. चार ओळी कर. पण खऱ्या."

त्याला आठ दिवस झाले. भाऊंची एकच ओळ लिहून झाली आहे: 'ताई रुसली की आमचं सगळं बंद पडायचं.'

ताईने ती मंजूर केली आहे.